कावळ्याची शिवण

एक शब्द मी घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवला होता. चांगली पस्तीस वर्षं ठेवला. आणि लॉकडाऊनच्या दुसऱ्या महिन्यात, भर दुपारी, नातीला वरण-भात कालवताना तो माझ्याच तोंडून निघाला.

आधी त्या शब्दाचं सांगते. माझं लग्न एकाहत्तर साली लासूर स्टेशनला झालं. सासूबाईंचं नाव दगडाबाई. आधीची लेकरं जगली नव्हती म्हणून आईबापांनी ठेवलेलं नाव. बाई तशा दगड नव्हत्या. पण महिन्याचे चार दिवस त्या नावाला जागायच्या. "हिला कावळा शिवलाय," असं शेजारणीला सांगून मला मागच्या ओसरीत बसवायच्या. एक घोंगडी, एक जर्मलचं ताट. भाकर वरून टाकायची, पाणी वरून ओतायचं. माझी थोरली तेव्हा दीड वर्षाची. तिला काय कळतंय? ती माझ्याकडं झेप घ्यायची. अंगावर कापड नसलं तर लेकराला विटाळ होत नाही, असा तेव्हाचा नियम. म्हणून सासूबाई तिचं झबलं उतरवायच्या आणि मग माझ्याकडं सोडायच्या. पौषातल्या थंडीत ते उघडं अंग माझ्या कुशीत शिरायचं, त्याचा गारवा मला अजून आठवतो. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की मी पुन्हा माणसात.

पुढं मी तिथल्याच मुलींच्या शाळेत शिवणकामाची बाई झाले. सासूबाई गेल्यावर ते जर्मलचं ताट मी मोडीत घातलं. मुलगा प्रणय शिकून शेंद्र्याच्या एका कारखान्यात लागला, आम्ही शहरात सिडकोत राहायला आलो, आणि सून आली ती डॉक्टर. दीपमाला, बिडकीनच्या शेतकऱ्याची लेक. ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी. लग्नानंतर आठ-दहा दिवसांनी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून चाचरत म्हणाली, "आई, ते... माझे दिवस आलेत. या घरात कुठं बसायचं असतं?"

इतकी शिकलेली पोर, आणि हे विचारायला तिला दाराची चौकट धरावी लागली.

"खुर्चीवर बस," मी म्हणाले. "या घरात कावळा शिवत नाही."

ती हसली, आणि लगेच वळून डोळे पुसले.

असा तो शब्द. आता वीस सालचं ऐका.

मार्चमध्ये प्रणय कंपनीच्या कामाला चेन्नईला गेला आणि तिकडंच अडकला. घरात मी अडुसष्ट वर्षांची, मला दमा. नात साडेचार वर्षांची. शाळेच्या दाखल्यावर सोनिया, घरात ठकू. आणि दीपमाला रोज सरकारी दवाखान्यात, करोनाच्या वॉर्डात. पहिल्याच आठवड्यात तिनं आपली गादी, दोन बादल्या आणि पुस्तकं गच्चीवरच्या खोलीत नेली. त्या खोलीला बाहेरून लोखंडी जिना आहे. तिचा डबा मी तिसऱ्या पायरीवर ठेवायची आणि मागं सरायची. मग ती खाली येऊन उचलायची. कपडे वरच साबणाच्या पाण्यात. केसांपायी वेळ जातो म्हणून तिनं माझी कापडाची मोठी कात्री मागून घेतली आणि कमरेपर्यंतची वेणी मानेपाशी कापली. कात्री उकळून परत पाठवली. गालांवर मास्कचे वळ असे उमटलेले असायचे, जसं कुणी घडी घालून ठेवलंय.

तिच्यासोबत जायची डॉक्टर आमरीन, बाळंतपणाची डॉक्टर. गाडी आमरीनची. ती चालवणार, दीपमाला मागच्या सीटवर दुसऱ्या टोकाला, चारही काचा खाली. आमरीन स्वतः घरी जातच नव्हती, दवाखान्याच्या होस्टेलवर राहायची. तिचा मुलगा साकिब आठ वर्षांचा, शहागंजकडं आजीपाशी. ही संध्याकाळी रस्त्यावर गाडी लावून उभी राहणार, तो माडीवरून बोलणार. पण आमच्या फाटकाशी आली की रोज भांडायची.

"आई, तुमची सून रोज पाच मिनिटं लेट! मी रोजा धरून टाइमावर, आणि ही पोहे खाऊन लेट!"

"अगं, तुला पोहे नाही देता येत म्हणून तिला दुप्पट देते," मी व्हरांड्यातून म्हणायची.

"ईदनंतर सगळे वसूल करीन, याद ठेवा!"

ठकू मात्र रोज एकच विचारायची. "आई खाली का येत नाही?" जंतू आहेत, म्हणून सांगितलं. "मला तर दिसत नाहीत." बारीक असतात. "मग आईला कसे दिसतात?" दिवसातून दहा वेळा हेच. एके दिवशी दुपारी घास तोंडाजवळ नेऊन माझा हात दुखायला लागला, पोर तोंड उघडेना, आणि मी वैतागून म्हणाले, "आईला कावळा शिवलाय! चार दिवस लांब राहील, मग येईल. खा आता."

जिन्यावर डबा उचलायला दीपमाला आलेली होती. तिचा हात डब्यावर तसाच थांबला. मग डबा घेऊन वर गेली. मी जीभ चावली, पण सुटलेला शब्द काय परत येतो?

ठकूनं मात्र घास खाल्ला. खाताना विचारलं, "कोणता कावळा?"

"असतो एक," मी म्हणाले.

त्या दिवसांत मी सकाळपासून मशीनवर मास्क शिवत होते. गल्लीसाठी, दवाखान्यातल्या मावशींसाठी. ठकू मशीनखाली बसून धाग्याची रिळं लावायची. कोण शिवतंय? आज्जी. काय शिवतेस? मास्क. असा आमचा दिवसभर पाढा. शहरातली पोर, आमच्या शिवाशिवीच्या खेळाला ती पकडापकडी म्हणते. हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा नाही.

दोन दिवसांनी दीपमालानं दवाखान्यातून व्हिडिओ कॉल केला. पोरीला गंमत दाखवावी म्हणून. डोक्यापासून पायापर्यंत ते पांढरं किट, टोपी, मास्क, डोळ्यांवर जाड चष्मा. "बघ ठकू, तुझी आई चंद्रावर चाललीय!"

ठकूनं अशी किंकाळी फोडली की फोन माझ्या हातून पडला.

त्यानंतर पोरीचं काहीतरी बिनसलं. जिन्याकडं बघेना. आई वरून हाक मारायची तर ही माझ्या लुगड्यात तोंड लपवायची. दोन घास खाऊन उठायची. आणि एक नवीनच सुरू झालं. दुपारी मी कंपाऊंडच्या भिंतीवर कावळ्याला घास ठेवते, माझी जुनी सवय. ठकू ताटली बडवत धावली. "त्याला देऊ नको! तूच बोलावतीस त्याला!" घास उचलून तिनं मोरीत टाकला. मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

पाचव्या दिवशी, शनिवारी, दीपमाला जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. मी खाली अंगणात.

"आई, मी अर्ज लिहिलाय. राजीनाम्याचा. सोमवारी देते."

मी काही बोलले नाही.

"दीड महिना झाला, तिच्याजवळ गेले नाही. तिला वाटतं मी तिला टाकलंय. आता तर ती मला बघूनच घाबरते. जेवत नाही. माझ्या लेकराला माझी भीती वाटायला लागली तर मी कुणाचे जीव वाचवू?" मग म्हणाली, "तुम्ही सांगा, चुकतंय का माझं?"

लपवत नाही, मला मनातून बरं वाटलं. सून घरी येईल, पोर हसेल, जिना मोकळा होईल. मी म्हणाले, "तुझ्या मनाला पटेल ते कर." हे मी शहाणपणानं म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात आमरीनची गाडी आली. दीपमालानं तिलाही वरूनच सांगितलं. आमरीन एरवी एका शब्दाला चार परत करणारी, ती फाटकाला हात न लावता नुसती उभी राहिली.

"दीपा, माझ्या टेबलावर पॉझिटिव्ह बाई असते, पोटात लेकरू. भूल द्यायला तुम्ही दोघं. सर तर परवापासून स्वतःच ॲडमिट आहेत. मी कुणाला बोलावू, सांग?"

"ठकू जेवत नाही, आमरीन."

"साकिब आता म्हणतो, अम्मी, तू गाडीतच बस. तू खाली उतरली की मला रडू येतं." एवढं बोलून तिनं गाडीचं दार उघडलं. "चल. सोमवार अजून लांब आहे."

रविवारी सकाळी मशीनच्या खणात माझी उसवायची छोटी कात्री सापडेना. शोधता शोधता लक्षात आलं, ठकूही दिसत नाहीये. अंगणात आले तर पोर लोखंडी जिन्यावर. मे महिन्याचं ऊन, अनवाणी, एक पाय उचलत एक टेकत सहाव्या पायरीवर पोचलेली. मुठीत कात्री. वर दीपमालाचं दार बंद. ड्यूटीवरून येऊन ती झोपलेली.

मी गुडघे धरत चढले, तिला मागून पकडलं. "कुठं चाललीस गं? आणि ही कात्री कशाला?"

"आईला उसवायला."

"काय?"

"तू सांगितलं ना, आईला कावळ्यानं शिवलं. पांढऱ्या पिशवीत शिवलं. तोंडपण शिवलं. मी फोनमध्ये बघितलं." तिनं मोकळ्या हाताची बोटं पसरली. "चार दिवस झाले. मी मोजले. पाचपण झाले. कुणीच उसवत नाही. तू नुसतं लोकांचंच शिवतीस!"

मी पायरीवर बसले. तापलेल्या लोखंडाचंही भान राहिलं नाही. तीस वर्षं मुलींना शिवणकाम शिकवलं. धावदोरा, हातशिलाई, टीप. आणि आपल्या भाषेत अंगाला हात लावायला आणि कापडाला टाका घालायला एकच शब्द आहे, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. पोर गेले पाच दिवस काय पाहत होती डोळ्यांसमोर! काळा पक्षी, चोचीत सुई, आणि आई आत.

आवाजानं वरचं दार उघडलं. दीपमाला मास्क बांधत बाहेर आली. "आई? काय झालं?"

"तिथंच थांब. खाली येऊ नको." मी तिला सगळं सांगितलं.

ती वरच्या पायरीवर बसली. आधी हसली, मग हसता हसता रडायला लागली. मधे सात पायऱ्या. उठून तिनं दोन्ही हात वर केले, गोल फिरून दाखवलं. "ठकू, बघ ना, कुठं शिवलंय मला?"

ठकूनं एका डोळ्यानं पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाली, "ही खोटी असंल. खरी पिशवीत आहे."

"मला माफ कर दीपमाला," मी म्हणाले. "तो शब्द मी आणला."

"आई, त्या दिवशी मला लागलं होतं," ती म्हणाली. "पण नंतर वाटलं, खरंच तर आहे. मागची ओसरी काय, वरची खोली काय."

"नाही गं," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. फरक काय ते मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

पोरीला किट हातात देऊन दाखवल्याशिवाय तिचा विश्वास बसणार नव्हता. पण किटं मोजून मिळत होती, घरी कोण आणू देणार? दीपमालानं आमरीनला फोन लावला. आमरीन म्हणाली, "अगं, परवाच्या गठ्ठ्यातले दोन-तीन शिवणीतच उसवलेले निघाले. कोरे, घडीचे. फेकायलाच काढलेत. विचारून एक आणते."

सोमवारी सकाळी तिनं फाटकावर पिशवी अडकवली. "वॉर्डात गेलेलं नाही. तरी तीन दिवस कडक उन्हात ठेवा, आई, माझ्या समाधानासाठी." मग वर पाहून ओरडली, "आणि दीपा, तो तुझा अर्जपण त्याच्याशेजारी उन्हात ठेव! त्यातले जंतू मरू देत!"

दीपमालानं खरंच ठेवला. गच्चीच्या कठड्यावर, विटेखाली.

गुरुवारी मी ते किट मशीनवर घेतलं. काखेपासून कमरेपर्यंत शिवण उसवलेली होती. ठकू कड धरून बसली.

"आता कोण शिवतंय?"

"तू."

"कावळा आहे का कुठं?"

तिनं खिडकीतून नीट पाहिलं. "नाय."

"मी खोटं बोलले होते, ठकू. फार जुनं खोटं आहे ते. मी तुझ्या आईएवढी असताना मला ऐकवलेलं. कावळा कुणालाच शिवत नाही. त्याला सुई पण धरता येत नाही आणि त्याला आपल्याशी काही देणं-घेणंही नाही."

"मग आईला कुणी शिवलं?"

"कुणी नाही. हा तिचा गणवेश आहे. चल, मीच घालून दाखवते."

म्हणायला सोपं. नऊवारी लुगड्यावर तो गणवेश चढेना. शेवटी प्रणयचा जुना पायजमा घातला, अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा. शेजारचे कडुबा भाऊ भिंतीवरून डोकावत म्हणाले, "काकू, कुठं निघाल्या? मुंबईला का वर?"

"अजून वरचं बोलावणं नाही आलं! तुमच्या मास्कची नाडी तुटलीय ती शिवायची आहे!"

पाय घातले, हात घातले, चेन गळ्यापर्यंत ओढली, टोपी, मास्क, प्रणयचा गाडीवर घालायचा चष्मा. आणि अंगणात उन्हात उभी राहिले. दोन मिनिटांत पाठीवरून घामाची धार सुटली. पाच मिनिटांत चष्म्यात वाफ. श्वास माझ्याच तोंडावर परत येत होता. दमेकरी बाई मी, छाती भात्यासारखी चालायला लागली. वरून दीपमाला घाबरून ओरडली, "आई, काढा ते! बास झालं!"

मला ते ऐकू आलं, पण मी वेगळ्याच विचारात होते. सहा-सहा, आठ-आठ तास. पाणी नाही, लघवीला जाणं नाही. आणि याच्या आतून थरथर न होऊ देता परक्या बाईच्या पाठीत सुई घालायची. मला ओसरीत कुणीतरी नेऊन बसवलं होतं. ही आपल्या पायांनी जिना चढली होती. रविवारी मला जो फरक सांगता आला नव्हता, तो तिथं घामात भिजताना कळला. आणि शनिवारी मी कसल्या आनंदानं गप्प बसले होते, तेही कळलं.

"ठकू," मी आतून म्हणाले, "उघड मला."

ती कात्री घेऊन पुढं आली. मी मान हलवली, गळ्याजवळची पट्टी उचलून दाखवली. तिनं कात्री खाली ठेवली, टाचा उचलल्या, चेन धरली आणि ओढली. सर्रकन आवाज आला. तिनं आत हात घातला, माझ्या पोटावर फिरवला.

"आज्जी, तू ओलीचिंब झालीस!" आणि खदखदा हसली. आठवड्यानं हसली. मला पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. मग वर पाहिलं, सरळ आईच्या तोंडाकडं.

"आई, तुलापण चेन आहे?"

"आहे गं राणी."

"कोण उघडतं?"

"आमरीन मावशी."

"हळू उघडते का?"

"तिची मी उघडते, माझी ती. हळूच उघडतो आम्ही."

ठकूनं हे मनात तोलून पाहिलं. मग म्हणाली, "बरं. मला भूक लागली."

ती जेवत असताना दीपमाला कठड्याशी उभी होती. विटेखालचा कागद उन्हानं वाकडा झालेला. "आई," ती म्हणाली, "याचं काय करू?"

शनिवारी तिनं विचारलं होतं तेव्हा मी अंग काढून घेतलं होतं. आता नाही घेतलं.

"मला मास्क बेतायला जाड कागद पाहिजे," मी म्हणाले. "टाक खाली."

तिनं क्षणभर कागदाकडं पाहिलं. मग सोडला. तो तरंगत तरंगत तुळशीपाशी आला. त्यावर मी लहान मुलांच्या मास्कचा आकार आखला आणि कापला. तो नमुना अजून मशीनच्या खणात आहे. बाहेर आमरीनचा हॉर्न वाजला, आणि त्या दिवशी दीपमाला पाच मिनिटं आधीच फाटकाशी होती. आमरीननं कौतुकानं सलाम ठोकल्यासारखा स्वतःच्या कपाळाला हात लावला, मग आठवण होऊन लगेच सॅनिटायझर चोळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कावळ्याचा घास ठकूनं स्वतः भिंतीवर ठेवला. "घे," त्याला दटावून म्हणाली. "पण कुणाला शिवू नको हं."

दीपमालाला खाली यायला जूनचा दुसरा आठवडा उजाडला. वॉर्डातली पाळी संपली, चौदा दिवस झाले, तपासणी चांगली आली. सकाळी अंघोळ करून, हिरवा कुर्ता घालून ती सगळ्या पायऱ्या उतरली आणि अंगणात गुडघ्यांवर बसली. ठकू धावली, पण एका हातावर थांबली. आधी तिनं आईच्या गळ्याशी बोटं फिरवली, मग मानेवर, मग पाठीवर पार खालपर्यंत, कुठं चेन लागते का ते पाहत. आपण एखादं कापड तपासतो तसं. दीपमाला श्वास धरून बसली होती.

मग ठकू माझ्याकडं वळून म्हणाली, "आज्जी, नाय काही. साधीच आई आहे."

आणि तिच्या गळ्यात पडली.